माझ्या नावानं दिलेले निरोप

मंगळवारी सकाळी बसच्या थांब्यावर मावशीनं मला विचारलं, "साहेब, माझं काही चुकलं का?"

मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला निघालो होतो. सकाळचे साडेआठ झाले असतील. थांब्यावर पाच-सहा माणसं होती आणि समोरच्या टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र सुरू होतं, त्यामुळे ती काय म्हणाली ते मला आधी नीट ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "काय म्हणालात?" तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा तेच विचारलं. मावशी म्हणजे आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचे कप धुणारी बाई. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती आठवड्याचे सहा दिवस मोठी पातेली घासते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे भाकर आणि द्राक्षरस वाटतात, त्या दिवशी मागच्या खोलीत ती बोटाच्या पेराएवढे काचेचे कप भरते आणि उपासना संपली की धुऊन ठेवते. एकोणीस वर्षं हे काम तिच्याकडे आहे. मी त्या चर्चचा पाळक. एकतीस वर्षं. "चूक कसली, मावशी?" मी म्हणालो. ती म्हणाली, "नाही, आठ महिने झाले, तुमचा निरोप नाही. आधी म्हटलं, बाई गेल्या, साहेब दुःखात आहेत. आपणच समजून घ्यायला पाहिजे. पण आठ महिने म्हणजे फार झाले. मग मला वाटायला लागलं, आपल्याच हातून काहीतरी बिनसलं असणार. तसं असेल तर तोंडावर सांगा. मी रागावणार नाही. चर्चच्या सेक्रेटरींना मी म्हणणारच होते, येत्या रविवारचं करते, पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणी बघा." तेवढ्यात बस आली. "अहो, चूक कसली," मी पुन्हा तेच म्हणालो. "मग ठीक आहे," ती म्हणाली, पण ठीक आहे असा तिचा आवाज नव्हता. ती पुढच्या दारानं चढली, मी मागच्या.

कसला निरोप, हे मी विचारलं नाही. का विचारलं नाही, ते बसमध्ये दांड्याला धरून उभा असताना मला समजलं. मला उत्तर अर्धं माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं, पण मावशीनं 'निरोप' म्हटल्याबरोबर जिना संपला असं वाटून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तसं झालं. माझ्या बायकोचं जाणं आठ महिन्यांपूर्वीचं. आठ महिन्यांपासून निरोप बंद. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण मी मावशीला कधी कसलाही निरोप पाठवलेला नव्हता. तिलाच काय, कोणालाच नाही. तो माझा नियम होता आणि त्या नियमाबद्दल मला लोक ओळखत. दोन स्टॉप आधीच मी उतरलो आणि चालायला लागलो. गोळ्या आणायचं राहूनच गेलं.

नियम असा होता की व्यासपीठावरून कोणाही माणसाचे आभार मानायचे नाहीत. सेवा प्रभूची, तेव्हा आभारही प्रभूचे. नव्या पाळकांच्या शिबिरात मला दरवर्षी बोलवत आणि मी त्यांना हेच सांगत असे. पुढारी माणसांचे आभार मानायला लागला की माणसं देवासाठी काम करायचं सोडून पुढाऱ्यासाठी करायला लागतात. मुलं वहीत लिहून घेत. एकदा एका तरुण पाळकानं हात वर करून विचारलं होतं, "पण साहेब, बायबलातल्या पत्रांच्या शेवटी नुसती नावंच नावं असतात. अमकीनं फार कष्ट केले, तमक्यानं जीव धोक्यात घातला, त्यांना सलाम सांगा. ते कशासाठी?" मी काहीतरी उत्तर दिलं. लोक हसले, म्हणजे उत्तर चतुर असावं. ते काय होतं ते आज आठवत नाही. तो मुलगा मात्र हसला नव्हता, एवढं आठवतं. खरी गोष्ट ही की ती नावांची पानं मी उपासनेत कधी वाचलीच नाहीत. तिथवर आलो की पान उलटायचो.

या नियमाची सुरुवात काही शास्त्रातून झालेली नव्हती. मी इथे आलो त्या पहिल्याच वर्षी चर्चचं छप्पर दुरुस्त केलं आणि नवे बाक केले. काम संपल्यावरच्या रविवारी मी यादी करून सगळ्यांचे आभार मानले, आणि बाकांसाठी ज्या सुतारानं सुट्टीचे सगळे दिवस घालवले त्याच्याऐवजी त्याच्या भावाचं नाव घेतलं. दोघांचं तोंड सारखं होतं. भावानं एका खिळ्यालाही हात लावलेला नव्हता आणि दोघांत बोलणं नव्हतं. सुतार उपासना चालू असताना उठला. त्यानं स्वतः केलेल्या बाकावर एकदा हात फिरवला आणि बायको-मुलांना घेऊन बाहेर गेला. पुन्हा आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो, दोन्ही वेळा दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि "ते झोपलेत" म्हणून लावून घेतलं. त्यानंतर मी कोणाचंच नाव घेतलं नाही. दोन-तीन वर्षांनी कोणीतरी कारण विचारलं, तेव्हा मी सेवा प्रभूची वगैरे म्हणालो. ते ऐकायला चांगलं वाटलं. मग मलाच ते खरं वाटायला लागलं. भीतीला तत्त्व म्हणायला मला फार दिवस लागले नाहीत.

मी चालत होतो आणि रविवार आठवत होतो. उपासना संपली की मी पुढच्या दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात हातात घ्यायचो. तेवढ्यात बायको दिसेनाशी व्हायची. आमचं घर चर्चच्या मागेच, दोन खोल्यांचं. मी घरी येऊन बूट काढून बसायचो आणि ती यायची नाही. अर्धा तास, कधी पाऊण तास. भूक लागलेली असायची, सकाळपासून बोलून घसा कोरडा पडलेला असायचा. खिडकीतून ती दिसायची. कधी फाटकाशी, कधी चर्चच्या माइकवाल्याशी बोलताना, कधी मागच्या खोलीच्या दारात. "अहो, आलेच दोन मिनिटांत," ती तिथूनच हात करायची. आल्यावर मी म्हणायचो, "तुझ्या गप्पा काही संपत नाहीत." ती म्हणायची, "संपल्या की आजच्यापुरत्या." आणि ताटं घ्यायची. एकतीस वर्षांचे रविवार. मी कधी विचारलं नाही की एवढं काय बोलत होतीस. मला वाटायचं बायका बोलतात तसं ती बोलते.

आणि मग हॉस्पिटल आठवलं. तीन आठवडे ती तिथे होती. खोली झाडायला एक बाई यायची, वयानं लहान, केस घट्ट बांधलेली. एक दिवस ती झाडून निघाली तेव्हा बायकोनं तिला थांबवलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "हे म्हणत होते, तुम्ही झाडताना पलंगाला धक्का लागू देत नाही. मला दुखू नये म्हणून. त्यांनी सांगितलंय, तुम्हाला आभार सांगायला." ती बाई माझ्याकडे बघून एवढी हसली की मला काय करावं समजेना. ती गेल्यावर मी म्हणालो, "मी असं कधी म्हणालो?" बायकोनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, औषधांमुळे तिला भास होतोय. डॉक्टरांना तसं सांगितलंसुद्धा.

बुधवारी संध्याकाळी गीतांचा सराव असतो. पेटीवाला नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. तो टायपिंग शिकवायचा, आता निवृत्त आहे, आणि चर्चमध्ये चाळीस वर्षं हार्मोनियम वाजवतो. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "तुम्हाला माझे निरोप मिळायचे ना?" तो म्हणाला, "मिळायचे म्हणजे काय! एक म्हणून दाखवू? पाठ आहेत." आणि भात्यावरचा हात न काढता त्यानं सांगितलं, "'तिसऱ्या गीताला पेटीवाल्यांनी सूर खाली घेतला, म्हणून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांना गाता आलं. त्यांना सांग, माझ्या लक्षात आलंय.' बाई अगदी तुमच्या थाटात सांगायच्या. साहेब, राग मानू नका, पण मला याचं फार नवल वाटायचं. तुम्ही स्वतः गाता तेव्हा गीत एका गावाला आणि तुम्ही दुसऱ्या. आणि असं असून सूर खाली गेलेला तुम्हाला कळायचा! मी घरी बायकोला म्हणायचो, या माणसाला गळा नाही, पण कान काय दिलाय देवानं." तो हसला, मीही हसलो. मग तो थोडा वेळ नुसता भाता हलवत राहिला, सूर न दाबता, त्यामुळे फक्त हवेचा आवाज येत होता. "आता नाही येत तुमच्या लक्षात काही," तो म्हणाला. "साहजिक आहे. होतं असं. माइकवाला जरा हळवा, तो गेला दुसऱ्या चर्चला. मी कुठे जातो या वयात."

माइकवाला गेला तेव्हा मला वाटलं होतं, माझी प्रवचनं कोरडी झालीत म्हणून गेला. आठ महिने मी तेच धरून बसलो होतो, की घरात माणूस नाही, वाचनात लक्ष लागत नाही, त्याचा हा परिणाम. कोणी रविवारी दिसलं नाही की मी प्रवचनावर आणखी दोन तास घालवायचो. पेटीवाला माझ्याकडे बघत होता. खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "हो, आठवतंय ते तिसरं गीत." हे खोटं होतं आणि ते माझ्या तोंडून अगदी सहज आलं. त्याला किती बरं वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो सराव मी शेवटपर्यंत बसून ऐकला. सूर कधी खाली गेला आणि कधी वर, मला एकदाही समजलं नाही.

घरी आल्यावर मला मोह पडला, तो लिहून ठेवतो. निरोप चालू ठेवायचे. त्यात काय अवघड आहे? लोकांना ते माझेच वाटतात. तिचं काम मी पुढे न्यायचं, कोणाला काही सांगायचं नाही, मावशी थांबेल, माइकवालाही परत येईल. मी कागद घेतला आणि मावशीसाठी दोन ओळी लिहायला बसलो. लिहिलं, 'कप स्वच्छ असतात.' पुढे काही सुचेना. मावशी कप कशात धुते, गरम पाण्यात की गार? पुसते कशानं? एकोणीस वर्षांत एकही कप फुटला का, फुटला तर तिनं काय केलं? मला काहीच माहीत नव्हतं. त्या मागच्या खोलीत ती काम करत असताना मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. मी ताटावर झाकलेलं फडकं काढायचो, खाली कप ओळीनं भरलेले असायचे, एवढंच. माझी बायको एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना जेवढं बघायची, तेवढं मी वर्षभरात बघितलेलं नव्हतं. मी कागद फाडला. मग मला तिचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच राग आला. हे सगळं तू मला का नाही सांगितलंस? मला आंधळा ठेवून माझ्या नावावर चांगुलपणा का वाटत फिरलीस? असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा, स्वयंपाकघरात, पातेल्यात दूध तापत असताना. दूध उतू गेलं.

गुरुवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते, दर गुरुवारी करते. "पप्पा, जेवलात का? खरं सांगा." जेवलो म्हणालो. "काय जेवलात?" तिची आई असंच विचारायची, एका प्रश्नावर सोडायची नाही. मी तिला निरोपांचं विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हणजे तिला माहीत होतं. "मी सातवीत असताना मला समजलं होतं," ती म्हणाली. "मी आईला म्हटलं, तू पाळकाची बायको आणि दर रविवारी चर्चमध्ये खोटं बोलतेस. आई म्हणाली, खोटं कुठे? त्यांना दिसलं असतं तर ते हेच बोलले असते. त्यांना अजून दिसलेलं नाही, एवढंच. मी फक्त त्यांच्या आधी बोलते." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पप्पा? ऐकताय ना? तिनं ते चेष्टेत नव्हतं म्हटलं. तिला खरंच तसं वाटायचं. मला तेव्हा तुमचा राग यायचा, तिला कधी आला नाही. निदान मी तरी पाहिला नाही." मी विचारलं, "तिचे आभार कोणी मानायचं?" मुलगी म्हणाली, "हे तुम्ही मला विचारताय?" लागेल असं ती बोलली नाही. पण ते लागलं.

फोन ठेवल्यावर मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. मला तिच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार आठवत होती. मी तिच्या पलंगाशी बसून प्रार्थना केली होती. देवा, तू मला ही सोबत दिलीस, या घराला हिच्या हातानं जपलंस, म्हणून मी तुझे उपकार मानतो. चांगली लांब प्रार्थना होती. आमेन झाल्यावर ती म्हणाली, "देवाला सांगितलंत. चांगलं केलंत." आणि मग माझ्याकडे बघत राहिली. जाता-येता बघावं तसं नाही, नीट बघत राहिली. मला वाटलं, पाणी हवंय. मी पाणी दिलं. तिनं दोन घोट घेतले, पेला परत दिला आणि म्हणाली, "बसा, दमलात तुम्ही." ती कशाची वाट बघत होती ते मला गुरुवारी समजलं. एक वाक्य हवं होतं तिला. प्रार्थनेतलं नको होतं, तिला म्हणून म्हटलेलं. तेवढं तिच्यापर्यंत कोणाकरवी पोचवायची सोय नव्हती, कारण निरोप पोचवणारी तीच होती.

शनिवारी दुपारी मी मावशीच्या कँटीनला गेलो. मागच्या बाजूला सिमेंटचा मोठा ओटा आहे, तीन नळ, आणि एका माणसाला आत बसता येईल एवढी पातेली. जेवणाची वेळ होऊन गेली होती. मावशी एका पातेल्यात कमरेपर्यंत वाकली होती, त्यामुळे मी हाक मारली ती आधी पातेल्यातच घुमली. ती वर आली. "साहेब? इथे? कोणाला काही झालं का?" मी म्हणालो, "कोणाला काही नाही. मला सांगायचंय." आणि उभ्या उभ्या सांगितलं. की निरोप माझे नव्हते. एकही नाही. माझी बायको ते आपल्या मनानं द्यायची आणि माझं नाव सांगायची. मावशीनं नळ बंद केला. हाताला राखेसारखी पावडर लागली होती, ती अंगठ्यानं काढत राहिली.

"मग मला सांगितलंत कशाला?" ती म्हणाली. "चाललं होतं ना. गप्प राहिला असतात तरी चाललं असतं."

"चाललं नसतं. तुम्ही माझे उपकार मानत होता, ते तिचे मानायला हवे होते."

"एकोणीस वर्षं मी एकेक कप खिडकीपाशी धरून बघितला, साहेब. डाग राहिला तर तुमच्या लक्षात येईल म्हणून. कँटीनमध्ये सहा दिवस मी काय घासते ते कोणी बघत नाही. म्हटलं, एक माणूस आहे जो बघतो." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला काहीच दिसत नाही?"

"मी बघितलं नाही."

"काहीच?"

मी मान हलवली. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. मग तिनं नळ सोडला. "उद्याचं कबूल केलंय, तेवढं करते," ती पातेल्यात वाकत म्हणाली. "पुढचं तुम्हीच सेक्रेटरींना सांगा. मला त्यांच्याशी बोलायला नको वाटतं."

घरी येताना मला वाटत होतं, मी एका बाईचं होतं नव्हतं तेवढं काढून घेतलं. खरं बोलून माणूस हलका होतो असं मी कितीदा तरी प्रवचनात सांगितलंय. मी हलका झालो नव्हतो. पण एक गोष्ट झाली होती, तीही सांगतो. कँटीनच्या ओट्यावर मी मावशीचे हात पाहिले होते. डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. एवढ्या मोठ्या पातेल्यांची सवय असलेल्या त्या हातांत ते पेराएवढे कप कसे राहत असतील, असा विचार मी बसमध्ये करत होतो. हा विचार माझा होता. तो मला कोणी सांगितला नव्हता. एकतीस वर्षं उशीर झाला खरा, पण आला.

रविवारी मंडळी नेहमीएवढी होती, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत मावशी आहे की नाही ते दिसत नव्हतं. मी प्रवचन लहान केलं. सूचनांच्या वेळी सेक्रेटरी उठायला लागले, त्यांना मी बसायला सांगितलं. समोर कागद नव्हता. मी म्हणालो, "तुमच्यातल्या पुष्कळांना वर्षानुवर्षं माझे निरोप मिळाले. ते मी पाठवलेले नव्हते. तुम्ही काय करता ते मला दिसत नव्हतं, माझ्या बायकोला दिसायचं. तिनं ते तुम्हाला सांगितलं आणि नाव माझं घेतलं. मी तुमचा पुढारी म्हणून इथे उभा राहिलो, पण ही मंडळी तिनं एकत्र ठेवली. तिचे आभार मी कधी मानले नाहीत. ती होती तेव्हा मानायला हवे होते. आज मानतो." कोणीतरी नाक ओढलं. पेटीवाला पेटीकडे बघत होता. त्याच्याशी मी बुधवारी खोटं बोललो होतो, तेही सांगायचं होतं, आणि मी शब्द शोधत खाली बघितलं तेव्हा मला प्रभुभोजनाच्या टेबलावरची, भाकरीच्या ताटापुढची फुलं दिसली.

म्हणजे फुलं तिथे नेहमीच असतात. दर शनिवारी संध्याकाळी माझी बायको ती लावायची, आवारातली थोडी, बाजारातून आणलेली थोडी, आणि रविवारी सकाळी मी त्यांच्यामागे उभा राहायचो. आता ती लावणारी बाई आठ महिन्यांपूर्वी गेली होती आणि फुलं ताजी होती. मी ती बघत राहिलो. मागच्या रविवारीही होती. त्याच्या मागच्याही. एकही रविवार टेबल रिकामं नव्हतं. मी एवढा वेळ गप्प राहिलो की पहिल्या रांगेतली एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "पाणी द्या गं कोणी त्यांना."

मी विचारलं, "ही फुलं कोण लावतं?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "मी नाही बुवा," पेटीवाला म्हणाला, आणि थोडे लोक हसले. उत्तर माहीत नसलेला प्रश्न व्यासपीठावरून मी कधी विचारलेला नव्हता. मी थांबलो. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि मावशी दारात आली, खांद्यावर फडकं, हातात द्राक्षरसाचं भांडं.

"मी लावते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बाई गेल्या त्याच आठवड्यापासून. शनिवारी कामावरून सुटले की येते."

कालच्या शनिवारी मी तिच्यासमोर उभा राहून मान हलवली होती. आणि त्यानंतर ती इथे आली होती. हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. बायको असती तर तिनं काय म्हटलं असतं, हे शोधायला मी लागलो आणि मध्येच सोडून दिलं. मी फुलांकडेच नीट बघितलं. उंच दांड्याची फुलं दोन्ही कडांना होती, आणि मध्ये सगळी आखूड. "मावशी, उंच फुलं तुम्ही कडेला लावलीत," मी म्हणालो. "मध्ये लावली असती तर पहिल्या रांगेला माझं तोंड दिसलं नसतं."

"तुमच्या तोंडाचं काय घेऊन बसलात, साहेब," मावशी म्हणाली. "भाकर दिसली नसती."

सगळी मंडळी हसली. सेक्रेटरी हसले, ते कधी हसत नाहीत. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ज्या चुकीच्या भीतीनं मी एकतीस वर्षं तोंड मिटून होतो, ती चूक सगळ्यांसमोर झाली होती आणि कोणी उठून गेलं नव्हतं. "हो," मी म्हणालो. "भाकर. चुकलो. मावशी, तुमचे आभार."

तिनं मान हलवली, पण ती आत गेली नाही. फुलांकडे बघत उभी राहिली. "पांढरी जरा जास्त झालीत," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी कमी करते. आता मला जाऊ द्या, निम्मे कप भरायचे राहिलेत."

मी तिला जाऊ दिलं. पेटीवाला डोळ्यांनी विचारत होता, वाजवू का. मी हातानं त्याला थांबायला सांगितलं. दार उघडंच होतं. आत मावशी एकेक कप भरून ताटात ठेवत होती, आणि काच काचेला लागल्याचा बारीक आवाज येत होता. तो सगळ्यांनी ऐकला. मीही ऐकला.